खारा वारा आणि खोटा आकडा

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने आमचे माळव्यात जाणे झाले. देवास जिल्ह्यातील हाटपिपल्या हे ते गाव. देवासला पवारांचे राज्य असल्याने त्या मुलखात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशाच एका घरी आमचा मुक्काम होता. यजमानांच्या मळ्यावर राखणदारासाठी दिव्याची सोय केलेली आहे. छपरावर सूर्याच्या उन्हावर वीज करणारे दोन पट्टे, खाली बॅटरी, आणि बॅटरीत वीज किती शिल्लक आहे हे सांगणारा तळहाताएवढा मीटर. हा मीटर पडवीच्या खांबावर उघडाच ठोकलेला होता. त्यावर धुळीचा जाड थर बसला होता. यजमानांनी पंचाच्या टोकाने काच पुसली, तो आकडा स्वच्छ दिसू लागला. "सहा वर्षे झाली, एकदाही खोललेला नाही," असे ते मोठ्या समाधानाने म्हणाले.

आम्ही त्यांच्या समाधानात सहभागी झालो खरे. परंतु मनात वेगळाच विचार चालला होता. जवळजवळ तशाच एका मीटरने त्याआधीच्या आश्विन महिन्यात आम्हांस मांडवीच्या पात्रात अडकवून ठेवले होते.

हकीकत थोडक्यात अशी. आमच्या एका स्नेह्यांनी विजेवर चालणारी लहान होडी घेतली आहे. धूर नाही, आवाज नाही, तेलाचा तवंग नाही. चोडणच्या बाजूने संध्याकाळी परत येत होतो. आम्ही सहाजण होतो, त्यांत दोन शाळकरी मुले. ओहोटी लागली होती. मीटरवर ६८ टक्के वीज शिल्लक असल्याचे दिसत होते, म्हणून कुणी घाई केली नाही. पात्राच्या मध्यावर मोटर एकाएकी थांबली. आकडा तेव्हाही ६८ च होता. ओहोटीच्या ओढीने होडी आग्वादच्या दिशेने निघाली, आणि वल्ही एकच जोडी. सुदैवाने जाळी घेऊन परतणाऱ्या एका पागी बंधूंनी आपल्या होडीला दोर बांधून आम्हांस काठाला आणले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. एवढेच विचारले, की ज्या यंत्राला आपल्या पोटातले कळत नाही त्याच्यावर विसंबून पोरे घेऊन पाण्यात कशाला उतरता?

हा प्रश्न त्या एका होडीपुरता नाही, म्हणूनच या स्तंभात त्यास जागा देणे आम्हांस आवश्यक वाटते. विजेवरच्या नौका आता आपल्या नद्यांतून येणार, हे उघड आहे. ही कल्पना नवीनही नाही. याकोबी नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ साली सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हा नदीत विजेच्या घटांवर नाव चालवून दाखविली होती; १८८१ मध्ये गुस्ताव त्रूव्हे याने पॅरिसच्या सीन नदीत तसाच प्रयोग केला. पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि हे सारे मागे पडले. आज तेल महागले आहे, नद्या मलिन झाल्या आहेत आणि बॅटऱ्या सुधारल्या आहेत, म्हणून तो धागा पुन्हा हाती घेतला जात आहे. केरळात वायकोम ते तवणक्कडव या जलमार्गावर 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर नौका २०१७ च्या जानेवारीत सेवेत दाखल झाली. कोचीच्या जल-मेट्रोचे उद्‌घाटन एप्रिल २०२३ मध्ये झाले. तिच्या शंभर प्रवाशांच्या नौका कोचीच्याच गोदीत बांधलेल्या आहेत. आमच्या गोव्यातही २०२३ च्या प्रारंभी पणजी-चोडण मार्गासाठी साठ प्रवाशांची, जवळजवळ चार कोटी रुपये खर्चाची सौर नौका मोठ्या समारंभाने पाण्यात उतरली. ती रोजच्या प्रवाशांच्या सेवेत रुळली नाही, ही गोष्ट नदीकाठच्या कोणासही सांगावी लागत नाही. एक प्रयोग फसला म्हणून मार्ग सोडावा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पुढच्या नौकेसाठी पैसे मोजण्यापूर्वी लहानसहान वाटणाऱ्या गोष्टींकडे अगोदर पाहावे, असे मात्र आग्रहाने म्हणू. बॅटरीचा मीटर ही त्यांपैकीच एक गोष्ट.

डिझेलच्या टाकीत किती तेल उरले हे पाहण्यास खलाशाला फार विद्या लागत नाही. टाकीत काठी बुडविली की भागते. बॅटरीत काठी बुडविता येत नाही. जुन्या शिशाच्या बॅटरीचा व्होल्ट मोजून थोडाफार अंदाज तरी बांधता येत असे. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असताना साडेबाराच्या वर दाखवी आणि रिकामी होताना बाराच्या खाली उतरे. आज नौकांतून वापरली जाणारी लोह-फॉस्फेट जातीची लिथियम बॅटरी या बाबतीत मोठी अबोल आहे. नव्वद टक्के भरलेली असो की तीस टक्के, तिच्या प्रत्येक घटाचा व्होल्ट सव्वातीनच्या आसपासच घुटमळतो. आणि अगदी शेवटी तो एकदम कोसळतो. तेव्हा तिच्यात किती वीज गेली आणि किती बाहेर आली, याचा क्षणाक्षणाचा जमाखर्च ठेवणे हाच एक उपाय राहतो. हा जमाखर्च मीटर ठेवतो. सारी वीज 'शंट' नावाच्या धातूच्या एका जाड पट्टीतून जाते. त्या पट्टीच्या दोन टोकांमध्ये जो अत्यल्प व्होल्ट उत्पन्न होतो, तो दोन बारीक तारांनी मोजून मीटर प्रवाहाचा हिशेब करतो. हा व्होल्ट किती अल्प? पाचशे अँपिअरच्या नेहमीच्या शंटवर एका अँपिअरला एका व्होल्टचा दहा हजारावा भाग. सोन्याच्या काट्याहून नाजूक असे हे मोजमाप आहे, आणि ते आपण खाऱ्या पाण्यात हेलकावणाऱ्या होडीच्या बुडाशी ठेवून देतो.

आमच्या स्नेह्यांची होडी कारागिराने उघडली तेव्हा त्या दोन बारीक तारांपैकी एक हिरवी होऊन तिच्या टोकापाशी तुटलेली आढळली. तार तुटली, म्हणून मीटरला वाटले की प्रवाह शून्य आहे. प्रवाह शून्य, म्हणून खर्चही शून्य. आणि आकडा ६८ वर खिळून राहिला. मीटर बंद पडला असता, काच काळी झाली असती, तर आम्ही काठ सोडलाच नसता. तो चालू होता, उजळ होता आणि चुकीचे सांगत होता. हवामानापासून मीटरचे रक्षण करण्याचा प्रश्न लोकांना सामानाच्या टिकाऊपणाचा वाटतो. पाच-दहा हजारांची वस्तू, बिघडली तर दुसरी आणू, असा हिशेब केला जातो. वस्तुतः तो माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

मग हाटपिपल्याच्या पडवीत जो मीटर सहा वर्षे सुखाने राहतो, तो आमच्याकडे दोन पावसाळ्यांत का आजारी पडावा? ऊन तिथेही कडक आहे, आणि पाऊस तिथेही पडतो. आमच्या सुमारे तीन हजार मिलिमीटरच्या मानाने त्याच्या एक तृतीयांश असेल, पण पडतो. धूळ तर तिथे अधिकच. फरक मिठाचा आहे. समुद्राच्या लाटा फुटतात तेव्हा पाण्याचे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर येतात. पाणी वाळते, मीठ उरते. आमच्या घरोघरच्या गृहिणींना ठाऊक आहे की आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन ओले होते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओल धरतात. म्हणजे होडीतल्या तारेवर एकदा खाऱ्या वाऱ्याची पुटे चढली की ती तार जवळजवळ बारा महिने ओलीच राहते, मग वर थेंब पडो वा न पडो. हे मिठाचे पाणी वीज वाहून नेते. त्यामुळे मीटरच्या आतील पट्टीवर, जिथे केसाएवढ्या अंतरावर तांब्याच्या रेषा असतात तिथे, नको त्या वाटेने वीज पाझरू लागते. तांबे झिजते, हिरवा कळंक चढतो, आणि आधी आकडा ढळतो, मग तार तुटते.

दुसरा शत्रू अधिक कपटी आहे. 'आमचा डबा पाण्याला पूर्ण बंद आहे' असे विक्रेता सांगतो आणि घेणारा निश्चिंत होतो. परंतु बंद डबाही श्वास घेत असतो. भर उन्हात काळ्या डब्यातली हवा पन्नास अंशांपर्यंत तापते, फुगते आणि रबरी पट्टीच्या फटीतून थोडी बाहेर पडते. एवढ्यात वळवाची सर येते, डबा अठ्ठावीस अंशांवर उतरतो, आतली हवा आक्रसते. या फरकाने डब्यात जी ओढ उत्पन्न होते ती साधारण सत्तर सेंटिमीटर पाण्याच्या दाबाएवढी असते. नेमक्या त्याच वेळी डब्यावर पावसाचे नि लाटेचे पाणी खेळत असते. ते पाणी जुन्या पट्टीतून आत खेचले जाते आणि आत गेलेले पाणी डबा चांगला बंद असल्यामुळेच बाहेर येत नाही. दोन पावसाळ्यांनंतर असा डबा उघडला तर तळाशी बोटभर पाणी सापडते.

विक्रेते डब्यावर 'आयपी ६७' अशी खूण दाखवितात. तिचा अर्थ वाचकांनी नीट समजून घ्यावा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही अपाय न होणे. ही चाचणी नवा डबा घेऊन गोड्या पाण्यात होते. ती मिठाविषयी काही सांगत नाही, पाच वर्षांनी रबराचे काय होईल हेही सांगत नाही, आणि स्थिर पाण्यात टिकलेला डबा जोराच्या फवाऱ्यात टिकेलच असेही नाही. फवाऱ्याची परीक्षा निराळी असते. खाऱ्या धुक्याची परीक्षा तर त्याहून वेगळी, आणि तिचा दाखला वेगळा मागावा लागतो. माळव्यातल्या पडवीला पहिला दाखला पुरतो. मांडवी, जुवारी, शापोरा आणि तेरेखोल यांच्या मुखाशी तो पुरत नाही.

उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. किंबहुना त्यांतले बरेचसे आमच्या किनाऱ्याला पूर्वीपासून अवगत आहेत. पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून आपण कल्हई करतो. नौकेतली तांब्याची तारही तशीच कल्हई केलेली असावी, तिचा प्रत्येक धागा कथिलाने माखलेला असावा. साधी तार निम्म्या किमतीत मिळते आणि तीच वापरण्याचा मोह होतो, म्हणून हे सांगणे. लाकडी होडीला माशाचे वा काजूच्या टरफलाचे तेल पाजून तिच्या रंध्रांत पाणी शिरू न देण्याची रीत आपल्याकडे होती. तोच विचार मीटरच्या आतल्या पट्टीवर पारदर्शक वार्निशाचा थर देण्यात आहे. तारेचे टोक दाबून बसवावे आणि त्यावर आतून डिंक असलेली, उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. बॅटरीच्या खिळ्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा. लोखंडी स्क्रू तांब्याला भिडवू नये. दोन भिन्न धातू आणि मध्ये खारे पाणी म्हणजे न मागितलेली बॅटरीच तयार होते.

जागेची निवड याहून महत्त्वाची. शंट आणि मोजणी करणारा भाग होडीच्या बुडाशी साचणाऱ्या पाण्यापासून उंच, कोरड्या कप्प्यात असावा; वर खलाशापुढे केवळ आकडा दाखविणारी काच यावी. तीही समुद्राकडे तोंड करून नसावी. आकड्यांची काच उन्हाने काळवंडते, म्हणून तिच्यावर बिजागरीचे झाकण हवे. पाहताना उघडावे, एरवी मिटावे. तारा डब्यात खालच्या बाजूने घालाव्यात आणि आत जाण्यापूर्वी त्यांना खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळून जाईल. आमच्या कौलारू घरांच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर पुढे काढतात, त्यातलेच हे शहाणपण. डब्याला, हवा जाऊ देणारा पण पाणी अडविणारा पडदा असलेले बारीक छिद्र ठेवावे, म्हणजे त्याला फटीतून श्वास घेण्याची वेळ येत नाही. ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी आत ठेवणारे पुष्कळ आहेत. ती पुडी वेळेवर बदलली नाही तर तिचा उपयोग राहत नाही.

एवढे करूनही मीटरवर आंधळा विश्वास ठेवू नये. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने काच आणि डबा पुसावा, मग कोरडा करावा. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरून मीटरचा आकडा शंभरावर येतो का ते पाहावे. मोटर चालू असताना तारेभोवती लावायच्या चिमट्याच्या मीटरने प्रवाह मोजून दोन्ही आकडे जुळतात का ते तपासावे. आणि प्रत्येक फेरीच्या आरंभी व शेवटी आकडा वहीत लिहावा. रोज एका फेरीला सात टक्के खर्च होतात आणि आज दोनच झाले, तर आनंद मानण्याऐवजी होडी काठाला लावावी. आमच्या त्या संध्याकाळी अशी वही असती तर अर्ध्या वाटेवरच कळले असते की आकडा हललेलाच नाही.

प्रगत देशांतही या बाबतीत हयगय झाली की काय होते, याचे उदाहरण नॉर्वेत घडले. 'युटरॉयनिंगेन' या फेरीनौकेच्या बॅटरीच्या खोलीत १० ऑक्टोबर २०१९ रोजी आग लागली. प्रवाशांना सुखरूप उतरविण्यात आले. परंतु त्यानंतर साचलेल्या वायूचा स्फोट झाला आणि आग विझविणाऱ्या जवानांना इस्पितळात न्यावे लागले. त्या वेळी बॅटऱ्यांकडून नियंत्रण यंत्रणेकडे माहिती पोहोचत नव्हती. असा संवाद तुटलेला असताना नौका चालवू नये, असा इशारा त्यानंतर तेथील नौकामालकांना देण्यात आला. आपल्या लहान होड्यांची आणि त्या नौकेची तुलना होणार नाही, हे खरे. पण नियम दोन्हीकडे एकच लागू पडतो. बॅटरीची खबर मिळत नसेल तर नौका काठालाच राहिली पाहिजे.

आता प्रश्न उरतो तो जबाबदारीचा. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ याने नौकांच्या तपासणीची चौकट घालून दिली आहे, आणि निराळ्या इंधनावर वा शक्तीवर चालणाऱ्या नौकांचा त्यात स्वतंत्र विचार आहे. आमच्या राज्यात बंदर कप्तान खाते आणि नदी परिवहन खाते ही दोन्ही या कामाची जाणकार खाती आहेत. त्यांच्याकडे आमच्या तीन मागण्या आहेत. विजेच्या नौकेच्या निविदेत कल्हईची तार, वार्निशाचा थर आणि खाऱ्या धुक्याच्या चाचणीचा दाखला या गोष्टी शब्दशः लिहिल्या जाव्यात. 'उत्तम दर्जाचे साहित्य' या मोघम शब्दांखाली काहीही खपते. वार्षिक तपासणीत जीवरक्षक पट्ट्यांप्रमाणेच बॅटरीचा मीटर खरा बोलतो की नाही हे दुसऱ्या मीटरने मोजून पाहिले जावे. आणि नौका देण्यापूर्वी खलाशाला हे सारे मराठीत व कोंकणीत, हात लावून शिकविले जावे. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना गावातच धंदा मिळण्याची ही एक चांगली वाट आहे.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बारदेश यांच्यामधली रहदारी फेरीबोटींनी आपल्या खांद्यावर घेतली होती. भर पावसात, फुगलेल्या नदीत, त्या बोटींचे खलाशी दिवसरात्र राबले. त्यांना आपल्या इंजिनाचा आवाज ऐकून त्याची प्रकृती कळत असे. नव्या नौकेला आवाजच नाही. तिच्या प्रकृतीची खबर देणारी एक काच तेवढी खलाशापुढे आहे, आणि ती काच खरी राखणे हे आता त्याचे आणि आपले काम आहे.

आमच्या किनाऱ्यावर मृग लागण्यापूर्वी होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच त्या पाण्यात लोटतात. मधल्या काळात होडीची सांध न्‌ सांध पाहिली जाते. विजेच्या होडीच्या धन्याने या पूजेपूर्वी आणखी एक गोष्ट करावी, असे आम्ही सुचवितो. मीटरचा डबा उघडावा, दोन बारीक तारांची टोके डोळ्यांनी पाहावी, हिरवे दिसले तर कापून नवी बसवावी. अर्ध्या तासाचे काम आहे. आमच्या स्नेह्यांनी यंदा ते केले. त्या पागी बंधूंना त्यांनी पूजेला बोलाविले होते, आणि पहिल्या फेरीला वही त्यांच्याच हाती दिली होती.